‘तिसऱ्या वाचनानंतर’ : कार्यालयाच्या बॅकअप दुरुस्तीच्या नोंदी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

शनिवारच्या प्रकारानंतर हे काम आजपासून रीतसर हातात घेतलं. दिवाळी अंकाच्या कथा विभागाची इनडिझाइनची (पानं मांडायच्या प्रोग्रामची) फाइल पानं लावणाऱ्या दादांच्या आयमॅकवर उघडेना. मी सर्व्हरवर बसून रात्रीच्या बॅकअपमधून ती नावाने मागवली आणि दादांना दिली. दहा मिनिटांत काम झालं. संध्याकाळी छापखान्याकडे जाणारी नमुना प्रत मुद्रितं तपासणाऱ्या काकूंनी सहज चाळायला घेतली आणि त्या पान ९४ वर थांबल्या. तिसऱ्या वाचनात काढलेल्या चुका पुन्हा जागच्या जागी होत्या. ‘पाणि’ ऱ्हस्व, ‘आणी’ दीर्घ, एका संवादाचं अवतरण चिन्ह उघडलेलं आणि बंदच न केलेलं. काकूंनी खणातून तोच कागद काढून शेजारी ठेवला. लाल शाईच्या खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेवर दुरुस्ती लावल्याची दादांची पेन्सिलीची टिंबं होती.

म्हणजे बॅकअपने फाइल दिली, पण जुनी दिली, आणि कुठेही चूक झाल्याचं सांगितलं नाही. फाइल मिळालीच नसती तर आम्ही शोधाशोध केली असती. ही मिळाली, त्यामुळे काकूंची नजर गेली नसती तर ती तशीच छापून गेली असती. काकूंच्या दोन दिवसांच्या वाचनाचा प्रश्न आहे, म्हणून कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आधी काय काय आहे ते लिहून काढलं. विंडोजची पाच यंत्रं, त्यातली तीन अकरावर आणि दोन अजून दहावर. दादांचा जुना आयमॅक, मॅकच्या हाय सिएरा या जुन्या आवृत्तीवर, साधी फिरती डिस्क. जाहिरात विभागात नवा मॅक मिनी. कोपऱ्यात डेबियन १२ चा (म्हणजे लिनक्सचा) सर्व्हर, त्यावरून सांबा या फोल्डर वाटून देणाऱ्या प्रोग्राममार्फत सगळ्यांना ‘चालू कामं’ हे सामायिक फोल्डर दिसतं.

रात्री साडेअकराला विंडोजची यंत्रं रोबोकॉपी या फायली उतरवणाऱ्या आज्ञेने आपापली कागदपत्रं सर्व्हरवर ढकलतात. एक वाजता सर्व्हर आरसिंकने (तसंच काम करणारी लिनक्सकडची आज्ञा) दोन्ही मॅकवरच्या फायली ओढून घेतो, मग स्वतःचं ‘चालू कामं’ घेतो. पहाटे चारला या सगळ्याची आणखी एक प्रत वरच्या मजल्यावरच्या नॅस पेटीत, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीत जाते. तिथलं फोल्डर कूटबद्ध आहे.

एका गोष्टीखाली रेघ मारून ठेवते. दादांची स्थानिक प्रत आणि सर्व्हरवरचं ‘चालू कामं’ या दोन्ही वाटा बॅकअपमध्ये ‘अंक’ नावाच्या एकाच फोल्डरात येऊन मिळतात. दादा जड फायली नेटवर्कवरून उघडत नाहीत. ते आयमॅकच्या डिस्कवर काम करतात आणि सवड मिळेल तेव्हा सर्व्हरवर टाकतात. म्हणून ही रचना करणाऱ्याने दोन्ही वाटा एकत्र आणल्या आणि आरसिंकला सांगून ठेवलं की एकाच नावाची फाइल दोन्हीकडून आली तर नवी ठेव, जुनीला तिच्यावर लिहू देऊ नकोस. विचार बरोबर होता, आणि इतकी वर्षं हे चाललंही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय. ती दोन यंत्रं अंकाचं काम उरकल्यावर बदलायची, त्याची वेगळी नोंद केली आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

१ जानेवारीपासून कालपर्यंतचे बॅकअपचे २१७ मेल उघडले. सगळ्यांच्या विषयात ‘अयशस्वी’. एकही अपवाद नाही.

कारणं दोन. रोबोकॉपी काम संपल्यावर एक आकडा परत देते. ० म्हणजे उतरवण्यासारखं नवं काही नव्हतं, १ म्हणजे फायली नीट उतरल्या, आणि खरी चूक ८ पासून पुढे. आमच्या स्क्रिप्टला हे माहीत नाही, ती शून्य सोडून प्रत्येक आकड्याला चूक समजते. त्यामुळे ज्या दिवशी कुणी काम केलं त्या दिवशी बॅकअप अयशस्वी! दुसरं कारण आरसिंकचा २४ हा आकडा. यादी करताना असलेली फाइल उतरवायच्या वेळी जागेवर नव्हती, असा त्याचा अर्थ. इनडिझाइनमध्ये फाइल उघडली की शेजारी तिची एक छोटी कुलपाची फाइल तयार होते, बंद केली की ती जाते. दिवाळीच्या हंगामात दादा रात्री दीडपर्यंत बसलेले असतात, बाकी दिवसांत त्यांचा आयमॅक उघड्या फायलींसकट चालू असतो. त्या कुलपाच्या फायली आल्या-गेल्याने काही बिघडत नाही.

पण या गर्दीत २३ हा आकडाही होता. काही फायली उतरल्याच नाहीत असं तो सांगतो. तो ५८ वेळा आला होता. रोज तोच लाल विषय पाहणाऱ्या माणसाने एकेक मेल उघडून आत २३ आहे की २४ हे बघावं, अशी अपेक्षा मी कुणाकडून करणार नाही. मेलच असा हवा की खरी गोष्ट पहिल्या ओळीत दिसेल.

आज बदललं ते असं: रोबोकॉपीत ८ पासून पुढेच चूक धरायची. आरसिंकचा २४ फक्त लॉगमध्ये राहील. २३ आला तर न उतरलेल्या फायलींची नावं मेलच्या अगदी वर, यंत्राच्या नावासकट.

गुरुवार, ७ ऑगस्ट

दुरुस्तीसाठी दहा ते तीन वीज बंद. यूपीएस वीस मिनिटं टिकतो म्हणून सर्व्हर आधीच नीट बंद केला. काकूंजवळ बसून तिन्ही वाचनांचे कागदी गठ्ठे विभागवार लावून घेतले. पुढे हे लागणार.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नव्या मेलचा लगेच उपयोग झाला. हिशेबाच्या यंत्राचा बॅकअप सकाळी नऊलाही चालूच होता. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: चूक ३२, फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या वापरात आहे, ३० सेकंद थांबत आहे. ती आउटलुकची टपालाची फाइल होती. मॅडम संध्याकाळी फक्त मॉनिटर बंद करतात, आउटलुक रात्रभर उघडं राहतं.

रोबोकॉपीला वेगळं काही सांगितलं नाही तर ती अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते, दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबून. हिशेब केला. एका फाइलसाठी ३४७ दिवस होतात. मॅडम कधी यंत्र नव्याने सुरू करतात तेव्हा हा प्रकार मध्येच तुटतो. म्हणजे क्रमाने त्या फाइलच्या मागे उभी असलेली सगळी फोल्डरं कितीतरी दिवस सर्व्हरवर पोचलीच नाहीत. त्यात वर्गणीदारांच्या याद्याही आल्या.

मॅडमना विचारलं, “जाताना आउटलुक बंद करून जाल का?” त्या म्हणाल्या, “करेन गं, पण सकाळी उघडायला दहा मिनिटं लागतात, आणि तेव्हाच वर्गणीदारांचे फोन सुरू होतात.” त्यांचं बरोबर आहे. बॅकअपसाठी माणसाने सवय मोडायची ही शेवटची वाट, पहिली नव्हे. प्रयत्न दोन आणि मधली थांबणी पाच सेकंद केली. उघड्या फायलींसाठी रोबोकॉपीच्या आधी विंडोजची शॅडो कॉपी, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, काढायची आणि तिच्यातून फायली उचलायच्या. ज्या आज्ञेने ती काढतात ती विंडोजच्या सर्व्हर आवृत्तीतच शॅडो कॉपी बनवू देते. आमच्या यंत्रांवर तेच काम पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या साधनातून केलं, झालं.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज मूळ प्रश्नाकडे. ‘अंक’ फोल्डरची पूर्ण यादी छापून घेतली. पडद्यावर सरकत जाणाऱ्या यादीपेक्षा कागदावर मला जास्त दिसतं.

कथा विभागात ‘पहिल्या वाचनानंतर’ एक. ‘दुसऱ्या वाचनानंतर’ दोन. ‘तिसऱ्या वाचनानंतर’ दोन. ‘अंतिम’ एक. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली असूच शकत नाहीत, तरी दोन ओळी समोर. आकार वेगळे, तारखा वेगळ्या. शनिवारी मी नाव टाइप करून फाइल मागवली तेव्हा यातली एक आली, जुनी. तेव्हा आधी यादी बघितली असती तर तिथेच कळलं असतं. यापुढे परत काढण्याच्या कामात यादी आधी, मागणी नंतर, हा नियम.

पुढची पानं बघितली. कविता विभागातही तसंच, दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या फायली जोडीने. लेखांमध्ये ‘किनाऱ्यावरची गावं’ दोन, ‘शेतकऱ्यांची पत्रं’ दोन, ‘वारीतले दिवस’ एक. ‘मुखपृष्ठ’ एक. ‘ऱ्हस्व-दीर्घ तपासणी’ दोन.

मी तारखांमध्ये काही सूत्र सापडतं का ते शोधत होते. काकू चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या आणि मुद्रित वाचावं तसं त्यांनी ते पान वरून खाली वाचलं. म्हणाल्या, “अगं, सगळीकडे तो र आहे.”

“कुठला र?”

“दुसऱ्यातला, शेतकऱ्यातला. वारीत साधा र आहे, ती एकच आहे बघ. ऱ्य आणि ऱ्ह आला की दोन.”

पूर्ण यादी तपासली. जोडीने आलेल्या ३१२ नावांपैकी प्रत्येकात ऱ आहे. ऱ असून एकटं असलेलं एकही नाव दादांच्या फोल्डरांमध्ये नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

‘तिसऱ्या’ची दोन्ही नावं बाइटच्या रूपात, म्हणजे यंत्र अक्षरांसाठी साठवतं त्या आकड्यांत उलगडून एकाखाली एक मांडली. त, इकार, स इथपर्यंत तंतोतंत सारखी. मग एकात ई० ए४ बी१, आणि दुसऱ्यात ई० ए४ बी० व त्यापाठोपाठ ई० ए४ बीसी. पुढे हलन्त, य, काना पुन्हा सारखं.

पहिलं म्हणजे ऱ हे एकसंध अक्षर, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात ०९३१. दुसरं म्हणजे साधा र, ०९३०, आणि त्याच्या खाली नुक्ता (टिंब), ०९३सी. युनिकोडच्या दृष्टीने ही एकाच अक्षराची दोन समान रूपं, जोडलेलं आणि सोडवलेलं. माझ्या पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. पण लिनक्सची एक्स्ट४ ही फायली साठवण्याची व्यवस्था नावाकडे अक्षरं म्हणून बघतच नाही, ती बाइट मोजते. तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

सोडवलेलं रूप आलं कुठून? दादांच्या आयमॅकच्या डिस्कवर एचएफएस प्लस आहे, १९९८ सालची व्यवस्था. तिच्यावर कुठलंही नाव लिहिलं की ती ते सोडवलेल्या रूपातच साठवते. तुम्ही ऱ दिलात तरी डिस्कवर र आणि नुक्ता जातो. तिथून आरसिंकने नाव उचललं की ते तसंच सर्व्हरवर उतरतं. विंडोज मात्र दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते, आणि आपल्या कळफलकावरून ऱ एकसंधच येतो. मॅकच्या एपीएफएस या नव्या व्यवस्थेतही दिलेलं रूप तसंच राहतं, म्हणून जाहिरात विभागाच्या मिनीवरून आलेल्या नावांत हा प्रश्न दिसला नाही.

मराठी नावांमध्ये हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही, तेही आज समजलं. क, ख, ग पासून ह, ळ पर्यंत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, यातलं काहीच सोडवता येत नाही. ती एकाच रूपात असतात. एकसंध आणि सोडवलेलं अशी दोन्ही रूपं आहेत अशी देवनागरीत अक्षरं मोजकीच, ऩ, ऱ, ऴ आणि क़, ड़ यांसारखी नुक्त्याची आठ. त्यातलं रोजच्या मराठीत येतं ते फक्त ऱ. आमच्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या फायली, म्हणजे नेमक्या ज्यात दुरुस्त्या असतात त्याच, दुभंगत राहिल्या. नव्या-जुन्याची तुलना एका नावाच्या दोन फायलींमध्ये होते. इथे आरसिंकला नावंच दोन दिसत होती, म्हणून त्याने तुलना केलीच नाही. दोन्ही ठेवल्या. शनिवारी मी इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबून ऱ काढला, तो एकसंध, म्हणून सर्व्हरकडची जुनी प्रत मिळाली. दादांची दुरुस्त केलेली प्रत तिच्या शेजारीच पडून होती.

काकूंना सांगितलं. त्यांनी ऱ दोनदा कागदावर काढून बघितला, एकदा सलग आणि एकदा र काढून खाली टिंब देऊन.

बुधवार, १३ ऑगस्ट

सरांबरोबर बसले. त्यांनी सरळ विचारलं, “फायलींना इंग्रजीत नावं दिली तर हा प्रश्न कायमचा मिटेल ना?”

मिटेल, पण तसं करू नये असं मी म्हणाले आणि कारणंही सांगितली. इथे आठ माणसं फायली नावाने शोधतात. काकूंना ‘तिसऱ्या वाचनानंतर’ दिसलं की त्या निर्धास्तपणे ती उघडतात. त्याजागी इंग्रजी संक्षेप आणि आकडे आले की कुठली फाइल उघडायची हे दर वेळी कुणाला तरी विचारावं लागेल, आणि चुका तिथून सुरू होतील. दुसरं म्हणजे मागच्या अंकांच्या हजारो फायलींची नावं मराठीतच राहणार. तिसरं, हे मराठी प्रकाशनाचं कार्यालय आहे. आपल्या लिपीतलं एक अक्षर यंत्राला नीट सांभाळता येत नसेल तर यंत्राची व्यवस्था दुरुस्त करायची. मी हे काम करते ते त्यासाठीच. सर म्हणाले, “मग तसंच करा, पण १५ सप्टेंबरला अंक छापखान्यात जायला हवा.”

दोन वाटा होत्या. पहिली, आयमॅकवर नवी आरसिंक बसवायची. तिच्यात नावांची रूपं बदलत नेण्याचा आयकॉन्व्ह हा पर्याय ३.० पासून आहे. मॅकसोबत आलेली आरसिंक २.६.९ आहे, २००६ सालची, तिच्यात तो नाही. पण अंकाच्या तोंडावर, दादांच्या इतक्या जुन्या यंत्रावर नवं काही बसवायची माझी तयारी नाही. दुसरी वाट सर्व्हरवर सगळं करायची. ती निवडली.

आयमॅकवरून येणाऱ्या फायली आता वेगळ्या फोल्डरात उतरतील, जशा येतील तशा, आणि त्या फोल्डराला कुणी हात लावायचा नाही. तिथली नावं मी सुधारली तर दुसऱ्या रात्री आरसिंकला आयमॅकवरची नावं इथे सापडणार नाहीत आणि तो सगळं पुन्हा उतरवेल. म्हणून त्या फोल्डराची हार्ड लिंकने दुसरी प्रत करायची. हार्ड लिंक म्हणजे मजकूर तोच, नाव मात्र स्वतंत्र, त्यामुळे डिस्कवर जवळजवळ जागा लागत नाही. मग त्या प्रतीतली नावं कॉन्व्हएमव्ही या नावांची रूपं बदलणाऱ्या आज्ञेने एकसंध रूपात आणायची, आणि त्यानंतरच ती ‘चालू कामं’शी जुळवायची.

सोमवार, १८ ऑगस्ट

चाचणी. कॉन्व्हएमव्ही स्वतःहून काहीच बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवते. खरोखर बदल करायचा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. ही सावध पद्धत मला फार आवडली. तिने ‘बदलेल’ म्हणून दाखवलेली यादी आणि माझी ३१२ ची यादी ओळीने ताडली. जुळली. मग नव्या प्रतीवर खरं चालवलं. रात्रीचा बॅकअप नव्या रचनेत गेला.

जुन्या ‘अंक’ फोल्डरातल्या ३१२ जोड्या मात्र अशा सुटणार नाहीत. एकाच जागी दोन फायली, एकसंध नाव आधीच वापरात, त्यामुळे कॉन्व्हएमव्ही तिथे थांबते. थांबायलाच हवं. प्रत्येक जोडीच्या मजकुराची चेकसम (मजकुरावरून निघणारा, ताडून बघायचा आकडा) काढली. २७१ जोड्यांमध्ये दोन्ही फायली अक्षरशः सारख्या, तिथे एक ठेवली. ४१ जोड्या वेगवेगळ्या.

बुधवार, २० ऑगस्ट ते शुक्रवार, २२ ऑगस्ट

या ४१ जोड्या तारखेवरून निकालात काढता आल्या असत्या, नवी ती खरी म्हणून. मी तसं केलं नाही. दादांनी जुनी फाइल उघडून नुसती जतन केली तरी तारीख आजची होते.

काकू आणि मी दोघी बसलो. दोन्ही फायलींची पानं पडद्यावर शेजारी, आणि मधे काकूंचा लाल खुणांचा गठ्ठा. काकू खूण वाचायच्या, “पान ३१, चौथी ओळ, ‘दिर्घ’चा दीर्घ,” आणि मी कुठल्या फाइलमध्ये दुरुस्ती आहे ते सांगायचे. तीन दिवसांत ३८ जोड्यांमध्ये आयमॅककडची प्रत योग्य निघाली. दोन जोड्यांमध्ये सर्व्हरकडची. तारखेवर गेले असते तर या दोन लेखांच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या असत्या. त्यातल्या एका लेखात आडनाव चुकलेलं होतं, लेखकाचं स्वतःचं.

एक जोडी उरली. ‘दुसऱ्या वाचनानंतर, व्यंगचित्रं’. नावं एकसंध रूपात आणूनही दोन वेगळी! पुन्हा बाइट उलगडले. यात एका नावात ऱ नव्हताच. साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे जोडणीचं चिन्ह, जे पडद्यावर दिसत नाही. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची जी साधनं आहेत त्यातली काही असा र देतात. दिसायला तोच, पण युनिकोडच्या लेखी तो ऱ चं रूपच नाही, म्हणून कुठलंही रूपांतर या दोघांना एक करणार नाही. टंकनाचं काम बाहेरून येतं तिथून हे नाव आलं होतं. रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये एक तपासणी वाढवली: र, हलन्त आणि जॉइनर असलेलं नाव सापडलं तर मेलमध्ये दाखवायचं. आपोआप बदलायचं नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

आता २३ ची उरलेली कारणं. बहुतेक नॅस पेटीची. ‘नाव फार लांब’ ही चूक, क्रमांक ३६.

सापडलेलं एक नाव इथे पूर्ण लिहिते: ‘दिवाळी अंक २०२५ - कथा विभाग - तिसऱ्या वाचनानंतर दुरुस्त केलेली अंतिम प्रत’. विंडोज हे नाव ७३ अक्षरचिन्हांचं मोजते, मागचा प्रत्यय धरून ७८. तिची मर्यादा २५५ अशा चिन्हांची, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. एक्स्ट४ चीही मर्यादा २५५, पण बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-हलन्त सगळी वेगळी धरून. या नावाचे १९६ बाइट होतात. सर्व्हरवर बसतं. पण नॅसवरचं कूटबद्ध फोल्डर नावंही कूटबद्ध करतं, त्यात नाव फुगतं, म्हणून तिथे मूळ नावाला १४३ बाइटच मिळतात. इंग्रजीत ती १४३ अक्षरं झाली असती. मराठीत जेमतेम ४७ चिन्हं.

माणसांना ४७ चिन्हं मोजायला लावायची नाहीत. सुटी फाइल नॅसवर पाठवणं बंद केलं. रोजचा बॅकअप बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामच्या साठ्यात घ्यायचा, जो आतलं सगळं स्वतःच कूटबद्ध करतो आणि आकड्यांच्या नावाच्या मोठ्या तुकड्यांत ठेवतो. लांब नाव आत सुरक्षित राहतं. पेटीवरच्या कूटबद्ध फोल्डराची मग गरजच राहिली नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

दादा मुखपृष्ठाच्या नमुन्यांना ‘मुखपृष्ठ ५/८’ अशी तारखेची नावं देतात. मॅकचा फाइंडर तिरपी रेघ दाखवतो पण आरसिंकसारख्या आज्ञांना तिथे विसर्गासारखी दोन टिंबं दिसतात. सर्व्हरवर ती तशीच उतरतात, विंडोजला चालत नाहीत, मग सांबा विंडोजसमोर त्याजागी आठ अक्षरांचं तोडकंमोडकं नाव ठेवते. सरांना हेच दिसत होतं आणि ते त्याला व्हायरस समजत होते. दादांना विचारलं, “तिरप्या रेघेऐवजी आडवी दिली तर चालेल?” “चालेल की,” म्हणाले. जुनी १९ नावं मी बदलून दिली.

उद्यापासून गणपती. कार्यालय सोमवारी उघडेल, बॅकअप चालू राहतील, मेल मी घरून बघेन.

बुधवार, ३ सप्टेंबर

मॅक मिनीवरून ‘परवानगी नाही’ असं येत होतं, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या दोनच फोल्डरांसाठी. फायलींची मालकी वगैरे ठीक होती. कॅटालिना या आवृत्तीपासून मॅकओएस ही फोल्डरं बाहेरून आलेल्या प्रोग्रामला वेगळ्या संमतीशिवाय वाचू देत नाही. सेटिंगमध्ये रिमोट लॉगिनच्या आत दूरच्या वापरकर्त्यांना पूर्ण डिस्क वाचू देण्याचा पर्याय चालू केला. संपलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज परत काढण्याची पूर्ण तालीम. कोरी डिस्क घेतली, सर्व्हर आणि आयमॅक दोन्ही नाहीत असं धरलं आणि नॅसवरच्या साठ्यातून अख्खा ‘अंक’ उतरवला. पावणेदोन तास लागले. नावांची यादी ‘चालू कामं’शी ताडली, मग चेकसम. फरक शून्य. हिशेबाच्या यंत्राची आउटलुकची फाइलही उघडून बघितली, मॅडमच्या समोर. शुक्रवारचं टपाल होतं.

काकूंना बोलावलं. त्यांनी स्वतः ‘तिसऱ्या वाचनानंतर’ शोधली. एकच होती. पान ९४ उघडलं, चष्मा वर सरकवला आणि लाल कागदाशी ओळ न् ओळ लावून बघितली. ‘पाणी’ दीर्घ, ‘आणि’ ऱ्हस्व. अवतरण चिन्ह बंद. मग त्यांनी पान ९५ही वाचलं, त्यात एक सुटलेली चूक सापडली, ती चौथ्या वाचनासाठी टिपून घेतली.

काल रात्रीचा मेल आणि लॉग: रोबोकॉपी १, १, ०, १, १. आरसिंक २४ एकदा, ०. जॉइनर असलेलं नाव एक, बाहेरच्या टंकनातून आलेलं. त्यांना आज फोन करून इन्स्क्रिप्टवर ऱ कसा काढायचा ते सांगितलं. १५ तारखेपर्यंत रोज सकाळी नऊला मी यादी बघणार आहे. पुढची तालीम ६ ऑक्टोबरला, सोमवारी.